जुन्या ड्रमसेटला गाडीचं व्हायनील लावता येईल का? आवाज बिघडेल का?

हो, लावता येतं. तुमचा सेट पाच ड्रमांचा आहे, वरचा रॅप (ड्रमवर चिकटवलेलं रंगीत आवरण) फाटलाय, आणि गाड्यांना लावतात ते व्हायनील चालेल का, आवाज बसेल का, हे तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्येच वाजवतो आणि ओळखीच्यांचे सेट खोलून नीटही करून देतो. त्यावरून सांगतो.

रॅपमुळे आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही. आवाज बिघडतो तो कडेपाशी. १२ इंची ड्रमचं शेल, म्हणजे लाकडी गोल अंग, पूर्ण १२ इंच नसतं, किंचित कमी असतं. म्हणूनच पान (ज्यावर काठी मारतो तो पडदा) त्यावर सैल बसतं आणि चारी बाजूंनी सारखं ताणलं जातं. जाड रॅपने ती सैल जागा खाल्ली की पान एका बाजूला अडकतं, मग तुम्ही कितीही चावी फिरवा, सूर लागत नाही. तेव्हा रंग निवडण्याआधी पानं काढा, उघड्या शेलवर नुसती ठेवा आणि बोटाने फिरवून बघा. खास ड्रमसाठीचा रॅप साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, गाडीचं व्हायनील ०.१ मिलिमीटरच्या आसपास. पान घट्ट बसत असेल तर गाडीचंच घ्या. फक्त ते इतकं पातळ असतं की खालचा प्रत्येक खड्डा वर दिसतो. ड्रमचा जाड रॅप या खोडी झाकतो.

जुना रॅप काढताना एक काळजी घ्या. जुन्या परदेशी सेटवर मोत्यासारखी झाक असलेला रॅप दिसला तर तो सेल्युलॉइडचा असू शकतो. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने १९६३ मध्ये घेतलेल्या लुडविग कंपनीच्या सेटवर अशीच काळी मोतिया झाक होती. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, त्याला हीट गन लावूच नका. साध्या प्लॅस्टिकच्या रॅपला हेअर ड्रायर पुरतो.

लग (पान ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते शेलवरचे धातूचे तुकडे), बॅज (कंपनीची पट्टी), सगळं काढा. कोणत्या ड्रमचं काय ते वेगवेगळ्या पिशवीत ठेवा आणि काढण्याआधी फोटो काढा. गोंद थिनरने पुसा, खड्डे पुट्टीने भरा, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कोरं लाकूड उघडं पडलं असेल तर सीलरचा एक हात द्या, धुळकट लाकडावर व्हायनील धरत नाही.

आता माप. शेलभोवती टेप फिरवा आणि एक इंच जास्त धरा, तो जोडावर एकमेकांवर येईल. २२ इंची बेस ड्रमचा घेर ६९ इंचांच्या जवळ जातो, आणि गाडीच्या व्हायनीलचा रोल बहुधा ६० इंच रुंद असतो, त्यामुळे तो तुकडा रोलच्या लांबीत कापावा लागतो. कार्बन किंवा ब्रश्डसारखी रेघ असलेलं डिझाइन असेल तर बाकीचे ड्रमही त्याच दिशेने कापा, नाहीतर सेट शेजारी शेजारी ठेवल्यावर रेघा उलटसुलट दिसतात. रोल किती लागेल ते रेडियमवाल्याला विचारण्याआधी कागदावर मांडून बघा. उंचीत दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर लाकूड मोकळं सोडा. बेअरिंग एजवर, म्हणजे पान टेकतं त्या कडेवर, व्हायनील चढवून आत दुमडणं कधीच करू नका.

जोड बेस ड्रमला खाली जमिनीकडे येऊ द्या, टॉमला (बेस ड्रमपेक्षा लहान ड्रम) लगच्या रांगेखाली. शेलवर काटकोनात पेन्सिलची रेघ मारून तिथूनच सुरुवात करा. सुरुवात एक मिलिमीटर तिरकी झाली तरी घेर पूर्ण होईपर्यंत ती बरीच वाढते. गाडीच्या व्हायनीलला मागे गोंद असतोच, रबरी पट्टीने मधून बाहेर दाबत जा. बिनगोंदाच्या ड्रम रॅपला सनमायकासाठी वापरतात ती एसआर फेविकॉल चालते. ती दोन्ही बाजूंना लावायची आणि बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत थांबायचं. मग मात्र एकदा टेकवलेला रॅप सरकवता येत नाही, म्हणून दोघांनी मिळून करा, खिडक्या उघड्या ठेवून. नुसती दोन टोकांना टेप लावून रॅप गुंडाळायचा शॉर्टकट मला पटत नाही, मधली जागा सुटी राहते आणि ती गुणगुणते.

हवामान बघा. पावसाळ्यात गोंद लवकर वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ इतकी गार असते की व्हायनील कडक होतं, तेव्हा दुपारच्या उन्हात काम करा.

लगची भोकं आतून टोच्याने टोचा, मग बाहेरून धारदार ब्लेडने फुली मारून कापा. जाड रॅपला ड्रिल बाहेरून आत चालवा, आतून बाहेर चालवलं तर रॅप उचलला जातो.

ढोलपथकवाल्यांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून एक गोष्ट. प्लॅस्टिकच्या पिंपाचा ढोल असेल तर पॉलिथिनवर गोंद फार धरत नाही. एक छोटा तुकडा दोन दिवस लावून बघा. नखाने सहज निघाला तर तिथे व्हायनीलपेक्षा कापडी खोळ बरी.