आधी करार, मग फॉर्म

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. टोरंटोतल्या आरोग्यकेंद्रासाठी रुग्णांचा वंश विचारणारा फॉर्म तयार आहे, आणि सभेत एका कृष्णवर्णीय बाईंनी विचारलं, "हे आकडे पुढे कोणाच्या हातात जाणार?" तुला उत्तर देता आलं नाही. मग फॉर्म थांबव. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

माहिती हवीच. २०२० च्या मे महिन्यात टोरंटोच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने कोविडच्या रुग्णांना वंश विचारायला सुरुवात केली आणि जुलैत चित्र समोर आलं: लोकसंख्येत कृष्णवर्णीय ९ टक्के, रुग्णांत २१ टक्के. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोरंटो ज्या प्रांतात येतं त्या ओंटारिओच्या सरकारने कोविड पॉझिटिव्ह लोकांची नावं आणि पत्ते पोलिसांना खुले केले होते. जुलैपर्यंत पोलिसांनी त्या नोंदी ९५ हजारांहून जास्त वेळा उघडल्या. संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा ते बंद झालं. 'कार्डिंग'च्या नावाखाली ज्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी रस्त्यात अडवून नाव-गाव टिपून घेतलं, त्यांनी तुझ्या गोड बोलण्यावर का विसंबावं?

म्हणून नकाराधिकार. ज्यांची माहिती, त्यांचा नकाराधिकार, आणि तोही लेखी. २०२१ मध्ये ब्लॅक हेल्थ इक्विटी वर्किंग ग्रुपने कृष्णवर्णीयांच्या आरोग्य-माहितीसाठी 'ईगॅप' चौकट मांडली: सहभाग, कारभार, उपलब्धता, संरक्षण. संस्था सहभाग हौसेने उचलतात, सभा भरवतात, फोटो काढतात. कारभाराची गोष्ट निघाली की कायदा विभागाकडे बोट दाखवतात. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. सल्लागार समितीचं 'नाही' कोणी ऐकलंच पाहिजे असं नसतं, म्हणून मी हा मुद्दा सोडत नाही.

केंद्राने त्या समाजाशी आधी करार करायचा. त्यात लिही: कोणता प्रश्न विचारायचा, आकडे कोणाला द्यायचे, ते दुसऱ्या कुठल्या नोंदींशी जोडायचे का, प्रसिद्ध कधी करायचे. या प्रत्येक गोष्टीला एका देखरेख मंडळाची मंजुरी लागेल, आणि त्या मंडळात बहुसंख्य कृष्णवर्णीयच असतील. त्यांना मानधन द्या, बैठक संध्याकाळी ठेवा, मुलं सांभाळायची सोय करा. पोलीस किंवा इमिग्रेशनने मागणी केली तर मंडळाला लगेच कळवायचं, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय काही द्यायचं नाही. परवानगीला मुदत घाला. मुदत संपली की पुन्हा विचारा.

आता तक्ते. कोणाची ओळख पटू नये म्हणून पाचपेक्षा कमी आकडा झाकला म्हणजे काम झालं असं तुला वाटतंय, ते चूक आहे. समज, एका पोस्टल भागात १५ ते १९ वयाच्या ३१ मुली मानसोपचारासाठी दाखल झाल्या. कृष्णवर्णीयांचा रकाना झाकलेला, बाकीच्या सगळ्या मिळून २७. एकतीसातून सत्तावीस गेले, चार उरल्या, आणि त्या भागात त्या कोण हे शेजाऱ्यांना कळतं. तेव्हा दुसराही एखादा रकाना झाकावा लागतो, किंवा वयोगट मोठा करावा लागतो, नाहीतर भाग तरी. कोणती माहिती गमवायची, हे मंडळ ठरवेल, तू नाहीस.

वंश रुग्णाने स्वतः सांगायचा असतो. काउंटरवरच्या माणसाने चेहरा पाहून खूण करायची नाही. 'उत्तर द्यायचं नाही' हा पर्याय ठेव, आणि किती जणांनी तो निवडला तेही छाप, कारण कोरे फॉर्म वाढले की टक्केवारी फसवी होते. सोमाली, जमैकन आणि पिढ्यान्‌पिढ्या कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातले कृष्णवर्णीय एकाच रकान्यात कोंबायचे का, तेही त्यांनाच विचार. आणि अहवालात 'वंश' हा धोक्याचा घटक म्हणून लिहू नकोस. धोका वंशभेदातून येतो: गर्दीची घरं, घरून न करता येणारी कामं, दवाखान्यातली वागणूक.

तू आणि मी त्या फॉर्मवर 'दक्षिण आशियाई' या रकान्यात बसतो. आपणही गौरवर्णीय नाही, म्हणून त्यांच्या वतीने 'चालेल' म्हणायचा हक्क आपल्याला मिळत नाही. हे तुला सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण पत्रात तू तेच करत होतीस.

वरिष्ठ म्हणतील, वेळ नाही, अनुदान मार्चमध्ये संपतंय. मुदतवाढ माग. नाही मिळाली तर वंशाचा प्रश्न वगळून काम सुरू कर, आणि वगळला का ते अहवालात लिही. मसुदा झाला की पाठव. नकाराधिकाराचं कलम कुठल्या पानावर आहे, तेच मी आधी बघेन.