अर्थशास्त्रज्ञ कुलगुरू झाला की त्याच्यातला अर्थशास्त्रज्ञ संपतो का?

तुम्ही लिहिलंय की अर्थशास्त्रात पीएचडी करताय, पुढे प्राचार्य, जमलं तर कुलगुरू व्हायचंय, पण गाइड म्हणतात, "त्या दिवशी तुझ्यातला अर्थशास्त्रज्ञ संपेल." हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

ते साफ चूक आहे. धनंजयराव गाडगीळांकडे बघा. केंब्रिजला लिहिलेला भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरचा त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथ म्हणून निघाला आणि त्यानंतर लगेच ते सुरतेला कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हापासून १९६६ पर्यंत तेच संचालक. म्हणजे पगारपत्रकं, नेमणुका, देणग्या, सगळं त्यांच्याच डोक्यावर. आणि त्याच काळात पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबं यांच्या पाहण्या झाल्या. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला तर विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिलं अध्यक्षपद याच माणसाला दिलं. १९६६ ला पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, १९६७ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं त्यांचं सूत्र १९६९ चं: ६० टक्के वजन लोकसंख्येला, बाकीचे ४० टक्के दहादहाच्या चार निकषांना. संपलेला अर्थशास्त्रज्ञ हे करतो का?

आता माझं. मी तालुक्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. प्राचार्य निवृत्त झाले आणि सगळ्यात ज्येष्ठ म्हणून प्रभारी पद माझ्याकडे आलं. गाइडना फोन केला तर सर म्हणाले, "संपलीस तू." मी तरीही घेतलं.

पहिल्याच वर्षी बीएस्सीच्या मुलींची गळती डोळ्यांत भरली. स्टाफरूममध्ये एकच उत्तर मिळायचं, लग्नं होतात. मला ते पटेना. तीन वर्षांचे हजेरीपट काढले आणि गावांप्रमाणे नावं लावली. कॉलेजच्या गावातल्या मुली टिकत होत्या, नदीपलीकडच्या चार गावांतल्या दिवाळीनंतर दिसेनाशा व्हायच्या. टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, सहा मुलांना घेऊन त्या गावांत घरोघर गेले. एका आईने सांगितलं, "बाई, शेवटची गाडी सव्वापाचला. तुमचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. अंधारात पोरगी आणू कशी?" भाऊ मोटरसायकलवर आणायला गेला तर त्याचा अर्धा रोज बुडायचा. लग्न नंतर ठरायचं, शिक्षण आधीच सुटलेलं असायचं.

मी प्रॅक्टिकल सकाळी नऊला घेतलं. शहरातून अकराच्या गाडीने येणाऱ्या प्राध्यापकांनी संस्थेकडे तक्रार केली, दोन महिने माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पण पुढच्या वर्षी त्या चार गावांतल्या एकोणीसपैकी सोळा मुली परीक्षेला बसल्या.

हे सगळं मी सरांना पत्राने कळवलं. उत्तर आलं: "याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, टाइमटेबल म्हणतात."

सर, अर्धा रोज म्हणजे किंमतच. कुटुंब ती मोजतं आणि मग मुलीला घरी ठेवतं. हे तुम्हीच आम्हाला एमएच्या वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर आलेख काढून. तोच आलेख मला त्या आईच्या ओट्यावर सापडला, आणि प्राचार्य नसते तर मी त्या ओट्यावर गेलेच नसते. वेळापत्रक बदलायची सही माझी होती म्हणून तो आलेख नुसता कागदावर राहिला नाही. वीस वर्षं हे सांगायचं राहून गेलं होतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. संशोधनाला वेळ मिळत नाही हे खरं आहे. प्रभारी असताना सहा वर्षांत माझा एकही लेख छापून आला नाही. गाडगीळांचं उदाहरणही पूर्ण लागू होत नाही, हे सांगायला हवं. ते कुलगुरू जेमतेम वर्षभर होते आणि आधीची छत्तीस वर्षं जी संस्था चालवली तिचं कामच संशोधन होतं. आजच्या कुलगुरूला परीक्षा, निकाल, नॅक (म्हणजे दर्जा ठरवणारी तपासणी) आणि कोर्टकेसेस यातच दिवस घालवावा लागतो. त्या खुर्चीत मी कधी बसले नाही, त्यामुळे तिथलं सांगत नाही.

विभागप्रमुखपद आलं तर मात्र जरूर घ्या आणि पहिल्या महिन्यात हजेरीपट स्वतः वाचा, क्लार्ककडून गोषवारा मागवू नका. त्याआधी प्रबंध सादर करा. सबमिशनपूर्वी कुणी कसल्याही समितीवर घेऊ म्हटलं तर नाही म्हणा. एवढ्या बाबतीत तुमच्या गाइडचं ऐका.