वाईट संगत लागली की माणूस गुन्हेगार होतो, एवढंच अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ सदरलँड सांगतो का? मग रोज गुन्हेगारांत वावरणारे पोलीस गुन्हेगार का होत नाहीत?

नाही, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या' एवढाच तो सिद्धांत नाही. पोलिसांच्या उदाहरणात फरक चटकन दिसतो. एडविन सदरलँडने १९३९ साली विभेदक सहवासाची कल्पना मांडली आणि १९४७ साली तिला नऊ विधानांचं रूप दिलं. त्यात मोजायची असते ती कायद्याबद्दलची मतं, माणसं नव्हे. 'इथे कायदा मोडायला हरकत नाही' असं सांगणारी मतं 'मोडू नये' म्हणणाऱ्या मतांवर भारी पडली की गुन्हा घडतो. हे मत किती वेळा कानावर पडलं, किती वर्षं पडलं, किती लहानपणी पडलं आणि बोलणाऱ्याला आपण किती मानतो, यावर त्याचं वजन ठरतं. कोठडीतल्या चोराचं बोलणं पोलीस रोज ऐकतो, पण त्याला मानत नाही. वरिष्ठांना मानतो. म्हणून पोलीस हप्ता घ्यायला शिकलाच, तर बहुधा सहकाऱ्यांकडून शिकतो.

शिकायच्या गोष्टी दोन: हातोटी आणि समर्थन. पाकीटमारांच्या टोळीत एकजण सावजाला अडवतो, दुसरा पाकीट काढतो आणि लगेच तिसऱ्याकडे सरकवतो, म्हणजे पकडला गेला तरी अंगावर काही सापडत नाही. हे जाणत्याच्या हाताखालीच शिकावं लागतं.

समर्थन मात्र कुठेही मिळतं. ऑफिसात नवा लागलेला मुलगा रिक्षाचे खरे १८० रुपये बिलात लिहितो. शेजारचा सीनियर म्हणतो, "तीनशे लिही रे, सगळेच लिहितात. तू खरं लिहिलंस तर आमची बिलं अडकतील." रक्कम, सबब आणि दबाव, सगळं दोन वाक्यांत. सीनियर स्वतःला गुन्हेगार समजत नाही, आणि त्यामुळेच त्याचं म्हणणं पोराला पटतं. पांढरपेशा गुन्हेगारीकडे सदरलँडने लक्ष वेधलं ते यासाठीच: गरिबी किंवा बिघडलेलं डोकं ही कारणं तिथे लागू पडत नाहीत.

त्याचाच विद्यार्थी डोनाल्ड क्रेसी याने अफरातफरीत शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या (पुस्तक १९५३चं). तिथे सिद्धांत जरा अडखळला. या लोकांना चोरी कुणी शिकवली नव्हती. हिशेब तर आधीच येत होते. कुणाला सांगता येणार नाही अशी पैशाची अडचण, हाताशी संधी आणि 'उसने घेतोय, परत ठेवीन' हे वाक्य, असे तीन धागे जुळले होते. आणि ते वाक्य पैसे उचलण्याआधीच मनात तयार होतं. लेखापरीक्षणात आजही शिकवला जाणारा 'फसवणुकीचा त्रिकोण' यातूनच आला.

खरी कमजोरी वेगळी आहे: दोन्ही बाजूंची मतं मोजून तोलायची कशी, हे सदरलँडला सांगता आलं नाही. शिवाय टवाळ पोरं एकमेकांना शोधूनही काढतात, मग आधी संगत की आधी वृत्ती? बर्जेस आणि एकर्स या समाजशास्त्रज्ञांनी १९६६ साली सिद्धांताला बक्षीस-शिक्षेची जोड देऊन शिकण्याची यंत्रणा थोडी स्पष्ट केली.

सुधारणेचं काम करणाऱ्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून झालेला केंब्रिज-समरव्हिल प्रयोग जरूर पाहावा. १९३९ साली सुरू झालेल्या या प्रयोगात निम्म्या मुलांना समुपदेशन, शिकवणी वगैरे मदत वर्षानुवर्षं दिली. तीसेक वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्डने पाहिलं तर मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा हीच मुलं काही बाबतींत वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत दिसलं. मॅकॉर्डच्या मते, तिथे ती आपल्या उचापती एकमेकांना रंगवून सांगत आणि टाळ्या मिळवत असावीत.