तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं: जन्म दिलेल्या आईचं नाव विचारायचं कुणी आणि कुणाला?

मागच्या अंकात मूल दत्तक घ्यायची कायदेशीर पद्धत कशी असते यावर लिहिलं होतं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडनं पत्रं आली, पण मूल घ्यायचं कसं हे विचारणारी थोडीच, बाकी सगळी "मी दत्तक आहे, माझी मूळ आई कोण" नाहीतर "मी मूल दिलं होतं, आता ते शोधत येईल का" अशी. त्यातली काही इथं घेतलीत, ओळख पटेल असं सगळं काढून.

प्रश्न: ताई, मी मूळची खानापूर तालुक्यातली, वय ३१, लग्नानंतर टिळकवाडीत असते. मी सहा महिन्यांची असताना आईबाबांनी महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून मला दत्तक आणलं, हे त्यांनी लहानपणीच सांगितलंय. बाबा गेल्यावर ट्रंकेत कोर्टाच्या ऑर्डरची कॉपी सापडली, त्यात संस्थेचं नाव आहे, जन्म दिलेल्या आईचं नाही. जन्मदाखल्यावर आईबाबांचीच नावं आहेत. आता मला दिवस गेलेत आणि प्रत्येक व्हिजिटला डॉक्टर विचारतात घरात कुणाला शुगर, बीपी, थायरॉइड आहे का, मी गप्प बसते. मला नाव कळायचा हक्क आहे का? संस्था तिकडं आणि मी कर्नाटकात, मग कुठल्या ऑफिसात जायचं? आणि आईला सांगू की नको?

उत्तर: आधी डॉक्टरांचं. पुढच्या व्हिजिटला सरळ सांगा की मी दत्तक आहे आणि घरच्या आजारांची मला माहिती नाही. मग कुणाच्या उत्तराची वाट न बघता ज्या तपासण्या लागतील त्या डॉक्टर करून घेतील. बाळ काही तुमची फाइल सापडेपर्यंत थांबणार नाही, त्यामुळं हे काम शोधापासून वेगळं काढा.

आता हक्काचं. हो, आहे. दत्तक व्यक्तीनं आपलं मूळ शोधणं, ज्याला रूट सर्च म्हणतात, ते आपल्याकडं नियमात आहे, २०१७ च्या दत्तक नियमावलीत होतं आणि आताच्या २०२२ च्या नियमावलीतही आहे. १८ पूर्ण झाली असतील तर स्वतः अर्ज करायचा, त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांबरोबर मिळून. अर्ज दिल्लीच्या काराकडं म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडं ऑनलाइन करता येतो, म्हणून सीमेच्या अलीकडं की पलीकडं हा घोळ घालत बसू नका, कारा दोन्ही राज्यांना एकच आहे. इथं काही अडलं तर बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात जा, तिथला पत्रव्यवहार कन्नडमधून होतो, तुम्हाला वाचता येत नसेल तर वाचणारं विश्वासाचं माणूस सोबत न्या, शेजारपाजारच्याला नेऊ नका, हे प्रकरण तुमचं आहे आणि तुमच्यापुरतंच राहायला हवं. आणखी एक, जुन्या कागदांवर बेळगाव असणार आणि २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या आधार वगैरे कागदांवर बेळगावी, तर अर्जात दोन्ही लिहा, उगाच त्यावरून कागद परत यायला नको.

पण हक्क आहे म्हणजे नाव मिळेलच असं नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. तुम्ही संस्थेत कशा आलात त्यावर सगळं आहे. आईनं स्वतः येऊन सही करून दिलं असेल तर तिचं नाव त्या कागदात असतं, पण माझी ओळख सांगू नका असं तिनं त्या वेळी म्हटलं असेल तर आधी तिला विचारावं लागतं. ती नको म्हणाली किंवा सापडलीच नाही, तरी कुठल्या परिस्थितीत आणि का दिलं एवढं तुम्हाला सांगायचं असा नियम आहे. आणि कुठं सोडलेलं बाळ सापडलं असेल तर नाव कुठल्याच कागदात नसतं, कोणी आणलं, कुठून आणलं, पुढं काय काय झालं एवढंच असतं. नियमात हेही स्पष्ट लिहिलंय की दत्तक मुलाच्या हक्कानं जन्मदात्यांच्या खाजगीपणावर घाला येता कामा नये.

"एवढंच" म्हटलं खरं, पण माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी आपली फाइल बघितली तेव्हा मी सोबत होते. आईचं नाव नव्हतं. आणलं तेव्हाचं वजन होतं १ किलो ९०० ग्रॅम, इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असं लिहिलं होतं, आणि डाव्या कानामागं जखम होती तिला रोज मलम लावल्याच्या नोंदी होत्या, तारीख टाकून, खाली बाळं सांभाळणाऱ्या वेगवेगळ्या आयांच्या सह्या. नावासाठी आलेली बाई त्या मलमाच्या पानावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली, म्हणाली, कुणीतरी रोज माझा कान बघत होतं म्हणजे. तेव्हापासून मी कुणालाही, नाव मिळणार नसेल तर जाऊच नका असं सांगत नाही.

आईला सांगा, आणि अर्ज करायच्या आधी सांगा. उद्या घरच्या पत्त्यावर पाकीट आलं आणि ते त्यांनी फोडलं तर त्यांना वाटेल लेक मागच्या दारानं गेली. त्यांनी तुम्हाला लहानपणीच खरं सांगितलंय, त्या काळात आपल्या भागात हे करणारी घरं फार नव्हती, त्यामुळं त्यांना हे पेलेल असं मला वाटतं. थोडं रडतील, चालतंय. आणि फाइलीत गावाचं नाव दिसलं तर गाडी काढून थेट तिकडं जायचं नाही, अजिबात नाही. मधल्या माणसामार्फतच जायचं. का ते पुढच्या पत्रात कळेल, ते नीट वाचा, कारण पलीकडं कोण असू शकतं ते त्यात आहे.

प्रश्न: ताई, नाव छापू नका. मी निपाणीकडची. लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत कामाला जात होते तेव्हा फसले, २३-२४ वर्षं झाली. मावशीनं एका संस्थेत नेऊन ठेवलं, तिथंच मुलगी झाली, सही करून दिली आणि परत आले. आता नवरा आहे, दोन मुलगे आहेत, सासू आहे, कुणाला काही ठाऊक नाही, मावशी पण वारली. परवा कुणीतरी बोलताना ऐकलं की दत्तक पोरं आता सरकारकडनं आईचा पत्ता काढतात. तेव्हापासून दारावर थाप पडली की छातीत धस्स होतंय. मी तिला टाकली नाही ओ ताई, द्यावी लागली. रोज आठवते. पण ती दारात आली तर माझा संसार मोडंल.

उत्तर: अक्का, तुम्ही टाकली नाही. संस्थेत जाऊन, सही करून, तिला सुरक्षित हातात दिलीत, कायद्याच्या भाषेत पण त्याला वेगळं नाव आहे आणि सोडून दिलेल्या मुलांची नोंद वेगळी होते. तिच्या कागदात हे असंच लिहिलेलं असणार. ती कधी फाइल बघेल तेव्हा तिला हेच दिसेल.

आता भीतीचं. कुठल्याही ऑफिसनं तुमचा पत्ता उचलून तिच्या हातात द्यायचा नाही. शोध तिला स्वतःलाच घेता येतो, तिच्या वतीनं तिसऱ्या कुणाला नाही, आणि जन्मदात्यांची माहिती जाहीर करायला संस्थेला आणि ऑफिसांना मनाई आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितलंय, तो हक्क तुम्हालाही आहे, वखारीत काम केलेल्या बाईला वेगळा कायदा नाही.

पण एक अडचण आहे आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. नाव सांगू नका असं मूल देताना म्हटलं असेल तर तुमची परवानगी घ्यायची, असं नियमाचं म्हणणं आहे. १८-१९ वर्षांची बाळंतीण पोर, शेजारी मावशी उभी, समोर कागद, तेव्हा कुणी तिला नीट बसवून विचारलं असेल का? विचारलं तरी ती काय सांगणार? मला विचाराल तर हा प्रश्न एकदाच विचारून संपवणं चूक आहे. बाईचं मत पुढं बदलू शकतं, घाबरलेली निर्धास्त होऊ शकते आणि तेव्हा चालेल म्हणालेली आज घाबरलेली असू शकते, आणि ते बदलून लिहायला तिला सोपी, गुपचूप वाट असायला हवी. आपल्या नियमात ती ठळकपणे दिलेली नाही म्हणून तुम्हीच पाऊल उचला. संस्था अजून चालू असेल तर तिथं, नसेल तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयात, लेखी कळवा की कुणी माझा शोध घेतला तर आधी मला विचारा, आणि कसं विचारायचं तेही लिहा: घरी पत्र नको, अमुक नंबरवर दुपारी फोन करा, बाईमाणसानंच करा. घरातला सामायिक मोबाईल असेल तर तो नंबर देऊ नका, ज्या मैत्रिणीवर जीव टाकता येतो तिचा तिला विचारून द्या. पोच घ्या, पण घरी ठेवू नका.

परदेशात दोन्ही टोकं आहेत. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्यानं दत्तक गेलेल्या माणसाला १८ व्या वर्षी मूळ जन्मदाखला बघता येतो, आई नको म्हणाली तरी. फ्रान्समध्ये बाईला नाव न सांगता बाळंत होता येतं, आणि २००२ पासून तिथं एक सरकारी मंडळ आहे, मूल विचारत आलं की ते आईला शोधून तिची इच्छा विचारतं. आपला नियम या दोन्हींच्या मध्ये आहे आणि मला ती जागा बरोबर वाटते, कारण आपल्याकडं उघड्या पडलेल्या बाईला घरातनं बाहेर काढायला वेळ लागत नाही. पण मध्ये उभं राहणारं माणूस चांगलं पाहिजे, नाहीतर ती जागा नुसती कागदावर राहते.

आता माझी एक विनंती, बळजबरी नाही. नाव न देता तुम्ही तिला काहीतरी देऊ शकता. तुमच्या आईला, वडिलांना कोणते आजार होते, तुम्हाला शुगर आहे का, हे एका कागदावर लिहून संस्थेत ठेवायला द्या. वरचं पत्र वाचलंत ना, डॉक्टरांसमोर गप्प बसणारी ती मुलगी तुमची नाही, पण तुमचीही कुठंतरी तशीच बसत असेल. आणि जमलं तर दोन ओळी, का द्यावी लागली ते. मला लिहिलंत तसंच लिहा, "टाकली नाही, द्यावी लागली", त्यात काही वाढवायची गरज नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं, त्यावर मी किंवा आणखी कुणी मत द्यायचं नाही. तिला तुम्ही शोधायचं म्हटलं तर मात्र ती वाट नियमात नाही, शोधायची सुरुवात तिच्याकडनंच व्हावी लागते.

प्रश्न: माझ्या बहिणीनं लग्नाआधी झालेला मुलगा संस्थेत दिला होता. बहीण वारली. तिचं शेवटचं सांगणं म्हणून मला त्याला शोधायचंय. फेसबुकवर फोटो टाकू का? – शहापूर

उत्तर: नको. तिसऱ्या माणसाला शोध घेता येत नाही, त्यात मावशी पण आली. फोटो टाकलात तर बहिणीचं गुपित तिच्या माघारी तुम्हीच गावभर कराल, आणि त्या मुलाला आपण दत्तक आहोत हे कदाचित माहीतही नसेल. संस्थेत पत्र ठेवा, तुमचा नंबर ठेवा, बहीण कशानं आणि कुठल्या वयात गेली ते लिहा. तो आला तर त्याला मिळेल.

प्रश्न: मी चंदगड तालुक्यात जन्मलो, बेळगावच्या चुलत्यांना दत्तक गेलो. जन्मदाते कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे, मला दहावीत कळलं. दत्तकपत्र मला बघायला मिळेल का?

उत्तर: मिळेल. घरातल्या घरात १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं झालेल्या दत्तकाची फाइल कुठल्या संस्थेत नसते, त्यामुळं काराच्या शोधाची तुम्हाला गरज नाही. दत्तकपत्र रजिस्टर केलं असेल तर ज्या सब-रजिस्ट्रारकडं केलं तिथं तुम्ही स्वतः नक्कल मागा, देणाऱ्याघेणाऱ्यांची नावं त्यात असतातच. लग्नाचं लक्षात ठेवा, दत्तक गेलात तरी मूळ घरातली जी नाती लग्नाला चालत नाहीत ती अजूनही चालत नाहीत. बाकी तुमचा राग कागदाबद्दल नाही, गावाला ठाऊक आणि तुम्हाला नाही याबद्दल आहे असं पत्रावरून वाटलं. तो वाजवी आहे. दोन्ही वडिलांना एकत्र बसवून एकदा बोलून टाका.

प्रश्न: वय ४२, चिकोडी भाग. माझ्या जन्मदाखल्यावर थेट आईवडिलांचीच नावं आहेत, पण आई जाताना म्हणाली की तुला एका प्रसूतिगृहातून आणलं, कागद काही केला नाही. ते डॉक्टर नाहीत आता, दवाखाना पण बंद. डीएनए किट मागवू का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण शोध फाइलीवर चालतो आणि तुमची फाइल कुणी केलीच नाही. त्या काळी असं सर्रास व्हायचं, लोक पुण्याचं काम समजून करायचे, पण त्यात मुलाचं मूळ कायमचं पुसलं जायचं. आज हे केलं तर गुन्हा आहे, बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ज्यांना अजून कुणी नर्स "बाळ आहे, घेता का" म्हणून विचारते त्यांनी हे पत्र परत वाचावं.

तुमच्याकडं आता माणसंच आहेत. त्या दवाखान्यात काम केलेल्या आया, सिस्टर, तुमच्या आईच्या वयाच्या शेजारणी, ज्या आहेत त्यांना या वर्षीच भेटा, एकट्यानं, चहाला बसून, आणि आधी हे सांगा की मला कुणावर केस करायची नाही. सांगतील त्यातलं अर्धं ऐकीव असेल हे धरून चाला.

किटचं म्हणाल तर थुंकीचा नमुना पाठवला की ती टेस्ट केलेल्यांतले रक्ताचे नातेवाईक दाखवतात, पण त्यात आई क्वचितच सापडते, सापडला तर लांबचा चुलतभाऊ वगैरे, ज्यानं हौस म्हणून टेस्ट केलेली असते आणि ज्याच्या घरात तुमचा पत्ताही नसतो. मागवायचं तर मागवा, तुमच्या रक्तावर तुमचा हक्क आहेच. फक्त असा कुणी सापडला तर पहिल्याच मेसेजला "तुमच्या घरातल्या कुठल्या बाईनं त्या साली मूल दिलं होतं का" असं विचारू नका. नाव, वय, गाव, आणि आपण नात्यातले निघालोय असं दिसतंय, एवढंच लिहा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.