पाच वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडून हिरडीवर पुळी आली आहे. नाशिकमध्ये काढून टाकायला सांगितलंय. वाचवता येते का?

बऱ्याचदा येते, म्हणून काढण्याआधी एक्स-रे नक्की बघून घ्या. पुळी म्हणजे संसर्ग मुळापर्यंत गेलाय. मुळं आणि हाड फार झिजलेलं नसेल तर मुळातली सडलेली नस साफ करून आत विरघळणारी पेस्ट भरतात (खालून पक्का दात येताना दुधाच्या मुळांसोबत तीही झिजावी म्हणून) आणि वर स्टीलची कॅप बसवतात.

दुधाचाच दात, पडणारच आहे, असं घरचे म्हणतील. पण मागची दुधाची दाढ १० ते १२ व्या वर्षापर्यंत लागते. ती आत्ताच गेली तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेखालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते. काढावीच लागली, तर जागा राखणाऱ्या पट्टीबद्दल स्वतःहून विचारा.

नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका, पुळी परत येते. ताप आला, गाल किंवा डोळ्याखाली सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे, दुसरं मत तिथे घ्या.