आधी सुईत दोरा ओवून द्या

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त कलाशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, मी वसमतला राहते. वय ३८. लग्नाआधी एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका केली, पण नोकरी लागली नाही. घरात रंग, कागद सगळं आहे, तरी चार वर्षांत एक चित्र पुरं झालेलं नाही. मोबाइलवर रोज कुणाकुणाची कामं बघते आणि बघून झालं की हातच उचलत नाही. गल्लीत कलेचं वातावरण नाही. बायका जमल्या की बाजारभाव, आजारपण आणि सासवासुनांच्या गोष्टी. प्रेरणा आणायची कुठून? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण १९९८ साली मीही अगदी हेच लिहिलं असतं.

तेव्हा माझी बदली परभणी जिल्ह्यातल्या एका प्रशालेत झाली होती. शाळेत मुलांकडून एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घ्यायची. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं रीतसर चालायचं. घरी आल्यावर माझा कागद मात्र कोराच. अशी तीन वर्षं गेली.

शेजारी एक मामी राहायच्या. उन्हाळ्याच्या दुपारी त्या ओसरीवर वाकळ शिवायला बसत. खाली जुनं नऊवारी लुगडं अंथरलेलं, त्यावर परकराचे, धोतराचे तुकडे, वर निवडून ठेवलेली ठिगळं. सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. सुट्टी लागली आणि मला दुपार खायला उठायची, म्हणून एकदा मी विचारलं, मामी, बसू का तुमच्याजवळ? त्या म्हणाल्या, "बसायचं तर सुईत दोरा ओवून दे. मला आता नेढं दिसंना."

आठ-दहा दिवस मी तेवढंच केलं. ओसरीच्या खांबाला एक चिंधी बांधलेली होती. पाच-सहा सुया ओवून त्या चिंधीत टोचून ठेवायच्या. मामी हात लांबवून एक घेत, ती संपली की दुसरी. धावदोरा कडेनं सुरू व्हायचा आणि चौकोनी फिरत फिरत आत यायचा. त्या काही शिकवत नव्हत्या. मीही काही शिकायला बसले नव्हते.

एका दुपारी मी विटकरी तुकड्याशेजारी पोपटी तुकडा ठेवला. मामींनी तो उचलून बाजूला केला. "हे दोन भांडतेत. मधी पांढरं घाल, मंग नांदतेत." आणि त्यांनी मधे धोतराचं पान घातलं. विरोधी रंगसंगती मी पंधरा वर्षं तक्त्यावरून शिकवत होते. ती डोळ्यांना दिसली त्या ओसरीवर.

त्याच वाकळीत एक जांभळा तुकडा होता. सगळा विटलेला, फक्त घडीच्या रेघेत मूळचा गडद रंग टिकलेला. मामी म्हणाल्या, "हे ७२च्या दुष्काळातलं. खडी फोडाया जायची तवा हेच नेसून." मला वाटलं, इतका मोलाचा तुकडा त्या मधोमध लावतील. त्यांनी तो पायथ्याच्या कडेला लावला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते दिवस उशाला नको."

चित्रात कुठली गोष्ट कुठं ठेवायची, याचं इतकं खरं कारण मला कुणी दिलं नव्हतं. वाकळ पुरी होत आली, वीतभर जागा उरली, तेव्हा त्यांनी आत भाकरीचा छोटा तुकडा ठेवला आणि मग शेवटचे टाके घातले. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. त्या संध्याकाळी मी एका पाठकोऱ्या कागदावर खांबाची ती चिंधी आणि तिच्यात टोचलेल्या सुया रंगवल्या. तीन वर्षांनंतरचं पहिलं चित्र. अजून माझ्याकडे आहे.

आता तुमच्या दोन गोष्टींवर बोलते. मोबाइलवर दिसतं ते पुरं झालेलं काम. चुकलेला टाका उसवताना तिथं क्वचितच कुणी दिसतं. म्हणून ते बघून हात गळतात. कुणाच्या शेजारी बसलं की उसवणंही दिसतं, आणि हात आपोआप पुढे जातो.

दुसरं, वातावरणाचं. हे मला मनापासून खटकलं, म्हणून स्पष्ट लिहिते. आजारपण, सासुरवास, भावाची वाट, अशाच गोष्टी आपल्या आज्या-पणज्या जात्यावर गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायकांपैकी कुणाच्या गल्लीत कलेचं वातावरण होतं? जात्याला बहुधा दोघी बसत. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. दळण आणि गाणं, दोन्ही दोघींचं. जनाबाईंचं गंगाखेड तुमच्यापासून फार लांब नाही. दळणकांडण करता करता अभंग रचणारी बाई आपल्याच मुलखातली आहे.

तेव्हा शेजारणीकडे शिकायला जाऊ नका, काम मागायला जा. येत्या भाद्रपदात एखाद्या घरी महालक्ष्म्या बसवताना मदतीला जा. कोथळ्यांना साडी नेसवणारी बाई प्रत्येक गल्लीत एखादीच असते. निऱ्या अशा घालते की लोखंडाच्या सांगाड्याला कंबर दिसू लागते. तिला टाचण्या द्यायला उभ्या राहा. तिचे हात बघा. कागद बरोबर नेऊ नका.

आणि एक मैत्रीण गाठा. माझी एक मैत्रीण उदगीरला होती. आम्ही पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर अर्धं चित्र काढून एकमेकींना पाठवायचो आणि उरलेलं दुसरीनं पुरं करायचं. तिनं एकदा नुसती चौकटीची कड आणि एक चप्पल काढून पाठवली. त्या चपलेवर मी आठवडाभर विचार करत होते. समोरून अर्धं आलेलं असलं की कोऱ्या कागदाची भीती राहत नाही. तुमची एटीडीची एखादी वर्गमैत्रीण असेलच. तिचा पत्ता आजच शोधा.

प्रश्न : मी अहमदपूर तालुक्यातला, वय २२. आम्ही दहा मित्रांनी गावच्या शाळेची भिंत रंगवायचं ठरवलं आहे. पण चित्र कशाचं काढायचं यावरून वाद आहेत, प्रत्येकाला आपापल्या पुढाऱ्याचा चेहरा हवा. शिवाय नीट चित्र मला एकट्यालाच काढता येतं. बाकीचे बिघडवतील अशी भीती वाटते.

उत्तर : चेहरे नकोच. तुमच्याकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण असतो, तो काढा. कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव, आंबिलीचं मडकं, मिसळभाज्यांच्या भज्जीचं भांडं, शेतात जेवायला बसलेल्या पंगती. याच्यावर कुणाचं भांडण नाही. उलट खोप कशी बांधतात याबद्दल गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं मत असतं. तो भिंतीसमोर थांबून सांगेल, पेंढी अशी नसती रं. त्याला सांगू दे, आणि त्याच्या देखत दुरुस्त कर.

आधी शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांची परवानगी कागदावर घे. काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत काढ, म्हणजे भिंत कोरडी मिळेल. जुना चुना पत्र्याच्या पट्टीनं खरवडून भिंत धुऊन घ्या, नाहीतर चुन्यासकट रंगाचे पोपडे निघतील. मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग. खालच्या दोन फुटांत ओल चढते, तिथं बारीक काम करू नका. नुसता गेरूसारखा सपाट पट्टा ठेवा, दरवर्षी पोरं तो पुन्हा मारतील.

चित्र मोठं करायला गावातल्या गवंड्याला बोलाव. निळीत बुडवलेल्या दोरीनं सूत मारायला त्याच्याकडून शिका आणि भिंतीवर फुटाफुटाच्या चौकटी पाडा. कागदावरच्या छोट्या चित्रावरही तितक्याच चौकटी. मग ज्याला चित्र येत नाही तोही एका चौकटीतली रेघ बघून दुसऱ्या चौकटीत काढू शकतो. प्रत्येकाला चौकटी वाटून दे.

बिघडवण्याचं म्हणशील, तर मित्रांसोबत एकदा अजिंठ्याला जा. तीसेक लेणी, आणि चित्रकारांची नावं आपल्याला माहीत नाहीत. माती, भाताचा तूस, गवत कालवून भिंतीवर लेप द्यायचा, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. लेप देणारा वेगळा, रंग वाटणारा वेगळा, रेघ ओढणारा वेगळा असणार. नीट बघितलंस तर एकाच भिंतीवर वेगवेगळे हात ओळखू येतात. त्यानं ती भिंत उणी झालेली नाही. तुझ्या मित्राची रेघ थोडी वाकडी आली तर राहू दे. पुसून पुन्हा स्वतः काढू नकोस. तसं एकदा केलंस की दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी तू एकटाच असशील. हे मी शाळेत स्वतः करून बघितलेलं आहे आणि त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलाचं चित्र बघून अगदी तसंच काढतो. स्वतःचं काहीच काढत नाही. ही नक्कल थांबवू का?

उत्तर : नका थांबवू. पुस्तकातलं चित्र गिरवणं वेगळं आणि शेजारी बसलेल्या मित्राचं बघून काढणं वेगळं. मित्राचा हात कुठून सुरू झाला, कुठं थांबला, कुठं खोडलं, हे तो बघतो आहे. दोघांना एकाच मोठ्या कागदावर, समोरासमोर बसवा. मधे रेघ मारू नका. खडूंची पेटीही एकच द्या, म्हणजे हिरवा खडू मागावा लागेल.