‘संप्रेरकांचे परिणाम’ की ‘संप्रेरकांवरील परिणाम’?

प्रश्न असा आला आहे: ‘नवजात बालकांतील जलशीर्षाच्या शस्त्रक्रियेमुळे होणारे संप्रेरकांचे दुष्परिणाम’ हे शीर्षक बरोबर आहे का? (जलशीर्ष म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचून त्या फुगणं.) आणि ‘संप्रेरक’ऐवजी सरळ ‘हार्मोन’ लिहिलं तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चालेल. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली हा शब्द ‘चेतवणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून रूढ केला, आणि ‘संप्रेरक’मध्येही तीच कल्पना आहे. दोन्हींपैकी एक धरा आणि लेखभर तोच ठेवा.

खरी गडबड प्रत्ययांत आहे. ‘औषधाचे दुष्परिणाम’ म्हणजे औषधाने केलेले. त्याच चालीने ‘संप्रेरकांचे दुष्परिणाम’ वाचलं की बाळाला संप्रेरकांची इंजेक्शनं दिली होती की काय, असं वाटतं. इथे संप्रेरकांनी काही केलेलं नाही, त्यांच्यावर परिणाम झाला आहे. म्हणून ‘संप्रेरकांवरील’. ‘संप्रेरकीय’ने सुटका होत नाही, त्यात दोन्ही अर्थ मावतात.

‘मुळे’ तर त्याहून जोखमीचा. मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीचा तळ म्हणजे हायपोथॅलॅमस, संप्रेरकं सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देणारा भाग. पाणी साचून पोकळी फुगली की दाब त्याच्यावरच येतो, शस्त्रक्रिया होण्याआधीपासून. पुढे अशा काही मुलांची वाढ खुंटते किंवा वयात येणं फार लवकर सुरू होतं (मुलींत ८ आणि मुलग्यांत ९ वर्षांच्या आत). मणक्याचा जन्मजात दोषही असेल तर हे जास्त दिसतं. शंट (साचलेलं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी) बसवलेल्या मुलांत हे आढळतं म्हणून ते शंटमुळे झालं असं ठरत नाही. तिथे फार तर ‘नंतर’ लिहावं. ‘मुळे’ शोभतो तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत. त्यात त्या तळालाच छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात. क्वचित त्या भागाला इजा होते, लघवी आटोक्यात ठेवणारं व्हॅसोप्रेसिन कमी पडतं आणि बाळाला पातळ लघवी भरमसाट होऊ लागते. बहुतेकदा हे तात्पुरतं असतं, पण कारण उघड आहे.

आणखी एक खोच. लवकर वयात येणारं मूल तेव्हा नवजात नसतं! नवजात होतं ते उपचारांच्या वेळी. ‘नवजात बालकांतील’ हे विशेषण जलशीर्षासाठी लिहिलेलं, पण वाचताना ते थेट ‘दुष्परिणाम’ला जाऊन चिकटतं.

मी असं लिहीन: ‘जन्मतःच जलशीर्षाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांमधील संप्रेरकांचे बिघाड’. इथे मात्र ‘चे’ बिनधोक आहे, कारण ‘यंत्राचा बिघाड’ म्हटल्यावर बिघडलंय काय, याबद्दल कुणालाच शंका येत नाही. ‘जन्मतःच’ तेवढं काटेकोर नाही. शस्त्रक्रिया काही दिवसांनी झाली असेल तर ‘नवजात अवस्थेत’ लिहा, शीर्षक लांबलं तरी.